पिन एक, कुलपे अनेक

युरोपीय संघाच्या कायद्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे बाजारात येणाऱ्या नव्या मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरा आणि हेडफोन यांना टाइप-सी चार्जिंग पोर्ट बंधनकारक झाले; लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आयफोन १५ पासून स्वतःची लायटनिंग पिन सोडून दिली होती. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आणि 'आता सगळ्यांना एकच चार्जर' असा समज घरोघरी रुजला. हा समज अर्धाच खरा आहे, असे मला वाटते. वेगळ्या आकाराची पिन हे ग्राहकाला बांधून ठेवण्याचे सर्वांत ढोबळ आणि डोळ्यांवर येणारे साधन होते. ते कायद्याने काढून घेतले, तेव्हा कुलूप पिनेच्या आत सरकले, चिपमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण संगणकाशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन बसले, आणि तेथे ते ना ग्राहकाला दिसते, ना बहुतेक कायद्यांना.

टाइप-सीची रचना २०१४ साली जाहीर झाली. तिच्या इवल्याशा तोंडात २४ संपर्कबिंदू असतात, पण प्रत्येक केबलमध्ये त्या सगळ्यांना तारा जोडलेल्या असतातच असे नाही. मोबाइलच्या खोक्यात मिळणाऱ्या बहुतेक केबलमध्ये विजेच्या तारा आणि माहितीसाठी जुन्या यूएसबी २.० ची एक जोडी एवढेच असते, म्हणजे सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या केबलमधून सेकंदाला ४० गिगाबिट जातात, म्हणजे ऐंशी पटींहून अधिक. विजेचेही तसेच आहे. साधी केबल ६० वॅटपर्यंत चालते, त्यापुढे केबलच्या टोकात तिची क्षमता सांगणारी चिप लागते, आणि २०२१ च्या सुधारित मानकानुसार कमाल मर्यादा २४० वॅट आहे. आयफोन १५ च्या साध्या मॉडेलला नवी पिन मिळाली खरी, पण माहितीचा वेग मात्र २००० साली आलेल्या यूएसबी २.० चाच राहिला.

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये मोबाइल-ॲक्सेसरीजच्या दुकानात गेल्यास शंभर रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंतच्या टाइप-सी केबल एकाच भिंतीवर टांगलेल्या दिसतात. त्यांतल्या कोणत्या केबलवर मॉनिटर लागेल आणि कोणत्या केबलवर फक्त बॅटरीच भरेल, हे पाकिटावर क्वचितच लिहिलेले असते. मॉनिटर लागला नाही म्हणून केबल परत आणणारे गिऱ्हाईक आणि 'केबल चांगली आहे साहेब, तुमच्या मशीनलाच नाही चालत' असे सांगणारा दुकानदार, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने वॅट आणि गिगाबिटचे आकडे दाखवणारी बोधचिन्हे तयार केली आहेत, पण ती छापण्याची सक्ती कोणावर नाही. हा झाला गोंधळाचा भाग, आणि तो तुलनेने सोपा आहे. केबलवर दोन आकडे छापणे बंधनकारक केले तर त्यातला बराचसा मिटेल.

कुलपाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते अजाणता पडलेले नसते, घातलेले असते. मोबाइलच्या जलद चार्जिंगचेच पाहा. यूएसबीच्या खुल्या पद्धतीत, म्हणजे पॉवर डिलिव्हरीत, चार्जर आणि फोन आपसात बोलून व्होल्टेज ५ वरून ९, १५ किंवा २० पर्यंत वाढवतात. ओप्पो आणि वनप्लस यांच्या फोनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत त्याउलट व्होल्टेज कमी ठेवून विद्युतप्रवाह वाढवला जातो आणि त्यासाठी त्यांचाच चार्जर व त्यांचीच केबल लागते. फोन कमी तापावा हा त्यामागचा तांत्रिक हेतू खोटा नाही. पण खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या तितक्याच ताकदीच्या चार्जरवर मिळत नाही, फोन बऱ्याच संथपणे भरतो, आणि हे खोक्यावर ठळक छापलेले नसते. युरोपने येथे एक शहाणपणाचे पाऊल टाकले आहे. तेथील कायद्याने नुसता पोर्टचा आकार ठरवला नाही, तर ठरावीक मर्यादेपलीकडे वेगाने चार्ज होणाऱ्या प्रत्येक उपकरणात खुली पॉवर डिलिव्हरी पद्धत पूर्ण क्षमतेने चालली पाहिजे, सोबत स्वतःची पद्धत खुशाल ठेवा, असे सांगितले. कायदा पिनेच्या आत शिरला तो इतकाच. पण शिरला हे महत्त्वाचे.

लॅपटॉपच्या जुन्या गोल पिनेच्या अडॅप्टरमध्ये हे कुलूप अगदी उघड्या डोळ्यांनी पाहता येते. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. तिच्यातून लॅपटॉप चालवणारी वीज जात नाही. अडॅप्टरमधील एक छोटी चिप तिच्यावाटे 'मी अमुक कंपनीचा, इतक्या वॅटचा' एवढेच सांगते. वायर वाकून वाकून पिनेपाशी त्या ओळखीचा धागा तेवढा तुटतो. बाकी वीज व्यवस्थित येत असते, व्होल्टेज मोजले तर अचूक भरते, पण लॅपटॉप पडद्यावर अडॅप्टर ओळखू येत नसल्याची सूचना दाखवतो, बॅटरी भरायचे नाकारतो आणि प्रोसेसरचा वेगही स्वतःहून कमी करतो. रिपेअरिंगवाला पिन कापून नवी जोडतो, सोल्डर करतो, आणि पोराचा प्रोजेक्ट त्या रात्री पूर्ण होतो. अडॅप्टरची क्षमता कळावी एवढाच प्रश्न असता, तर ती खुल्या पद्धतीने सांगता आली असती. टाइप-सीमध्ये तीच सांगितली जाते. येथे चिप वॅटबरोबर कुळही विचारते.

घरातल्या लॅपटॉपचे नुकसान तरी मर्यादित असते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, महापे, तुर्भे येथील छोट्या गाळ्यांमध्ये, किंवा वागळे इस्टेटमध्ये हाच प्रश्न रोजंदारीला भिडतो. पॅकिंगचे किंवा मोल्डिंगचे मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाला तेथे सगळे पीएलसी म्हणतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या मशीनचा यांत्रिक भाग आजही ठणठणीत असतो. बिघडतो तो एखादा सेन्सर किंवा टायमरचा आकडा, आणि तो बदलण्यासाठी लॅपटॉप पीएलसीला जोडावा लागतो. येथून वरात सुरू होते. पीएलसीवरचे पोर्ट गोल, आठ पिनांचे आणि त्या कंपनीच्या मर्जीनुसार जोडलेले. केबल कंपनीची, किंमत मूळ तांब्याच्या आणि प्लास्टिकच्या कैक पट. लॅपटॉपवरचे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट केव्हाच नाहीसे झालेले, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर चढत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह आणि 'कोड १०'. तो चढला तर कंपनीचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर उघडत नाही, म्हणून गाळ्याच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक जुना लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत देवासारखा जपून ठेवलेला असतो. आणि एवढे सगळे जुळले की पीएलसी पासवर्ड विचारतो, जो मशीन बनवून देणाऱ्याने घातला होता आणि आता तो फोन उचलत नाही. मशीन बंद, माणसे बसून, ऑर्डर लांबणीवर.

या साखळीतील ड्रायव्हरच्या कडीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्कॉटलंडमधील एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर पोहोचला, आणि आपल्या चिपची नक्कल असलेली चिप आढळली की तो तिचा ओळखक्रमांक पुसून तिला निकामी करू लागला. नकली चिप बनवणे चुकीचे आहे यात वाद नाही. पण ज्याच्या हातात ती चिप होती, त्याला ती नकली असल्याचे कळण्याचा काही मार्गच नव्हता. त्याने बाजारात एक केबल विकत घेतली होती, एवढाच त्याचा दोष. आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. बनवणारे आणि नक्कल करणारे यांच्या भांडणात शिक्षा वापरणाऱ्याला होते, आणि तीही त्याच्याच टेबलावर, त्याच्याच संगणकातून, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

कंपन्यांचे पहिले उत्तर सुरक्षिततेचे असते. निकृष्ट चार्जर पेट घेतात, बॅटऱ्या फुगतात. म्हणून आमची चिप, आमची ओळख. निकृष्ट चार्जरची भीती खरीच आहे. परंतु ती दूर करण्याची व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला, संगणकाचे अडॅप्टर २०१४ मध्ये त्यात समाविष्ट झाले, आणि अडॅप्टरवरचा मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तेच सांगतो. वस्तू सुरक्षित आहे का हे सार्वजनिक यंत्रणेने तपासायचे असते, आणि ती तपासणी ढिली असेल तर ती घट्ट करायला हवी. वस्तू आमचीच आहे का, ही कंपनीची तपासणी निराळी आहे. नोंदणीकृत, सुरक्षित, पुरेशा क्षमतेचा, पण दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर नाकारला जातो, तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा तेथेच संपतो.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. सरकारने एक पिन ठरवली की सुधारणा थांबते, असे ते. २००९ साली युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने १४ कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी स्वीकारण्याचे स्वेच्छेने मान्य केले होते. त्या वेळी तेच कायद्याने गोठवले असते, तर उलटसुलट कशीही बसणारी पिन मोबाइलवर यायला कितीतरी वेळ लागला असता. २०१२ ची लायटनिंग पिन त्या मायक्रो-यूएसबीपेक्षा सरस होती, हे तिच्या विरोधकांनीही कबूल करावे. मी करतो. तरीही या युक्तिवादात एक हिशेब गाळलेला असतो, आणि तो समजायला ठाणेकरांना फार लांब जावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी साडेपाच फुटी रुळांवरून धावली. पुढे स्वस्त पडतात म्हणून अनेक मार्ग मीटरगेजचे झाले, आणि हैदराबादकडून आलेला निजामाच्या राज्याचा मीटरगेज मार्ग मनमाडला येऊन ब्रॉडगेजला भिडला. तेथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा, प्रवाशांनी बोचकी उचलून गाडी बदलायची. मीटरगेज वाईट नव्हते. त्या त्या मार्गापुरते ते स्वस्त आणि पुरेसे होते. मात्र स्वस्ताईचा लाभ झाला रूळ टाकणाऱ्याला, आणि सांध्यावरचा भुर्दंड भरला व्यापाऱ्याने, शेतकऱ्याने आणि प्रवाशाने, तोही पिढ्यानुपिढ्या. रेल्वेने १९९२ साली सर्वत्र एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कुठे तो निस्तरू लागला. वेगळ्या पिनेची सुधारणा मोजताना कंपनी आपला मार्ग मोजते, सांधा मोजत नाही. शिवाय मानक म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. टाइप-सीच्या आकाराला हात न लावता तिची विद्युतक्षमता १०० वॅटवरून २४० वर गेलीच आहे, आणि युरोपच्या कायद्यात तांत्रिक बदलांनुसार मानक सुधारण्याची तरतूदही आहे.

ई-कचऱ्याचा मुद्दा या वादात हमखास येतो; त्यावर मी फार भर देणार नाही. युरोपात टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११ हजार टन असल्याचा तेथील आयोगाचा अंदाज होता, तर २०२२ साली जगात निर्माण झालेला एकूण ई-कचरा ६ कोटी २० लाख टन होता. त्या डोंगरात चार्जर म्हणजे मूठभर खडे. खरा कचरा होतो तो केबल किंवा अडॅप्टर मिळेना म्हणून चालते उपकरण टाकून दिले जाते तेव्हा, आणि तो चार्जरच्या खात्यावर लिहिला जात नाही.

आता ठाणे-बेलापूर रस्त्याच्याच कडेला असलेली एक विसंगती पाहावी. ज्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातील लघुउद्योजक आठ पिनांच्या केबलसाठी हेलपाटे घालतो, त्याच पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. त्यांच्या आत रॅक एकाच १९ इंची मापाचे असतात, कोणत्याही कंपनीचा सर्व्हर त्यात बसतो, विजेच्या वायरी सर्रास त्याच प्रमाणित घाटाच्या. तेथेही कुलपे आहेत. फायबरच्या केबलला लागणारे मॉड्यूल सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या एकाच आकाराचे असते, तरी काही कंपन्यांचे नेटवर्क-स्विच त्यातील चिपवर लिहिलेले उत्पादकाचे नाव वाचून परके मॉड्यूल नाकारतात. पण तेथील ग्राहक हजारोंच्या संख्येने खरेदी करतो. तो करारावर सही करण्याआधी विचारतो की, हे कुलूप तुम्ही उघडता की मी दुसरीकडे जाऊ, आणि बहुधा कुलूप उघडते. फेसबुकने तर २०११ मध्ये सर्व्हरचे आराखडेच खुले करून ओपन कॉम्प्युट प्रकल्प सुरू केला. त्यामागे परोपकारापेक्षा मोठ्या गिऱ्हाइकाची ऐट अधिक होती, असे मला वाटते. म्हणजे तंत्रज्ञानाला कुलूप लागतेच असे काही नाही. ते कोणासाठी उघडायचे हे सौद्याची ताकद ठरवते, आणि नौपाड्यातल्या गृहस्थाकडे किंवा रबाळ्याच्या गाळेधारकाकडे ती एकट्याची म्हणून कधीच असणार नाही.

ती एकत्र करण्याचे काम कायद्याने आणि सरकारी खरेदीने करायचे आहे. कायद्याचा पाया आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणे, हा त्यातील आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण तत्त्व नोंदले गेले: वस्तू विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीची वाट अडवून धरणे ही स्पर्धेची पायमल्ली आहे. मोटारीच्या निदान-उपकरणाला लागू पडणारे हे तत्त्व पीएलसीच्या केबलला, तिच्या जोडणीच्या नकाशाला आणि लॅपटॉपच्या ओळख-चिपला का लागू पडू नये, याचे पटणारे उत्तर मी अद्याप ऐकलेले नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, ज्यावर कंपन्या आपापली माहिती देतात. माहिती देणे चांगलेच, पण कुठल्या पिनेतून काय जाते हा तक्ता त्यात सक्तीने येत नाही, तोवर गोखले रोडवरच्या रिपेअरिंगवाल्याला त्याचा उपयोग हेल्पलाइनच्या नंबरापलीकडे फारसा नाही.

कायदा होईल तेव्हा होईल; खरेदीचा मार्ग मात्र आजच मोकळा आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका शाळांसाठी संगणक घेतात, कार्यालयांसाठी प्रिंटर घेतात, रुग्णालयांसाठी मॉनिटर घेतात. रुग्णाच्या बोटाला लावायच्या ऑक्सिजन-सेन्सरची पिन एका कंपनीच्या मॉनिटरची दुसऱ्याला चालेलच असे नसते. पिन बसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि सेन्सर ही तर वारंवार बदलावी लागणारी वस्तू. प्रिंटरचे काट्रिज तसेच. निविदेत मशीनचा दर पाहिला जातो, पुढच्या पाच वर्षांच्या केबल, सेन्सर आणि काट्रिजचा पाहिला जात नाही, म्हणून मशीन जवळजवळ फुकटात देऊन पुढे वसूल करणारा विक्रेता सर्वांत कमी दराचा ठरतो. निविदेत तीन अटी घालायला मंत्रालयाची परवानगी लागेल असे वाटत नाही. जेथे खुले मानक आहे तेथे तेच पूर्ण क्षमतेने चालले पाहिजे. जेथे स्वतःची पिन किंवा चिप आहे तेथे तिच्या जोडणीचा नकाशा, आवश्यक सॉफ्टवेअर आणि पासवर्ड मशीनबरोबरच हाती दिले पाहिजेत. आणि पाच वर्षांत लागणाऱ्या उपभोग्य वस्तूंचा दर आजच लेखी बांधून दिला पाहिजे. काही विक्रेते या अटींवर बोली लावणार नाहीत, काही मशीनचा दर वाढवतील. वाढवू द्यावा. जुन्या पद्धतीचा दर आणि या अटींसहचा दर शेजारी शेजारी मांडले, की आजवर केबल, सेन्सर आणि काट्रिजच्या बिलांत विखरून गेलेली कुलपाची किंमत पालिकेच्या लेखा विभागाला प्रथमच एका कागदावर, एका आकड्यात दिसेल.